टाकीवरचं खोबरेल

“शिवदासबाब, मशीन परत तेल दाखयता.”

रुद्रेशने टाकीच्या झाकणातून डोकं बाहेर काढलं. कारखान्यातली औषधं घोटायची ती स्टीलची टाकी शिवदासने सकाळपासून घासघासून आरशासारखी केली होती.

“तेल खंयसून येतला, सर? हंय कोण भजी तळता?”

रुद्रेश हसला नाही. तो डिचोलीचा, नवाच लागलेला केमिस्ट, पोरगा तसा सालस. त्याने हातातल्या यंत्राचा पडदा शिवदाससमोर धरला. डोळ्यांना न दिसणारा उजेड हे यंत्र पत्र्यावर टाकायचं. पत्र्याला जे चिकटलं असेल ते त्यातला आपल्या वाटणीचा उजेड गिळायचं, आणि त्याची खूण पडद्यावरच्या रेषेत उमटायची. आधीच्या औषधाची खूण पार गेली होती. एक उंचवटा मात्र तसाच होता, झाडापासून काढलेल्या कुठल्यातरी तेलाचा.

“खोबरेल असतलां,” रुद्रेश म्हणाला. “माथ्याक इतक्यां तेल कित्याक लायतास, बाब?”

शिवदासच्या माथ्यावर केस होते कुठे? “माझ्या न्हय,” तो म्हणाला. “बायलेच्या डोक्याक घालतंय.”

तेल टाकीत शिरलं कसं, ते तिथल्या तिथे उलगडलं. टाकी धुऊन झाली की शिवदास हातमोजा काढून उघडा तळवा आतून फिरवत असे. आईने त्याला पितळी भांडी घासायला शिकवली ती अशीच. डोळ्यांवर विसंबू नये, हात खरं सांगतो. आता तोच हात टाकी बाटवत होता. शिवदासने तळवा फिरवणं सोडलं. उंचवटा उतरला, पण गेला नाही. नखांत मुरलेलं तेल हातमोजे चढवताना त्यांना लागायचं आणि तिथून पत्र्याला.

“भायले लोक तपासणेक येतले,” रुद्रेश खाली बघत म्हणाला. “तेन्ना दिसलां तर माझ्या हातात काय नाय उरूचां. कंत्राटदार दुसरो मनीस धाडतलो.”

कारखाना शिवदासच्या कोरगावच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. दुपारच्या सुट्टीत तो घरी जाऊन बायकोला, सुशीलाला, भरवून येत असे. त्याच्या वयाच्या माणसाला असं दुसरं काम पेडणे तालुक्यात कोण देणार?

सुशीला एकेक विसरत गेली होती. आधी चूल, मग माहेरचं गाव मुळगाव, मग वास्कोला असलेला मुलगा, शेवटी नवऱ्याचं नाव. एवढं मात्र राहिलं होतं की सकाळी उंबऱ्यावर त्याच्याकडे पाठ करून बसायचं. तो तेल घालून अंबाडा बांधायचा. त्याची बोटं डोक्याला लागली की, जणू तो आत्ताच बाहेरून आला, तशी ती म्हणायची, “इलात?” दुसऱ्या कुणाचा हात ती केसांना लावून घेत नसे. त्याला ओळखायची तिची तेवढीच एक तऱ्हा उरली होती.

त्याने तेल रात्री घालून पाहिलं. नंतर राखेने, चिंचेने, साबणाने हात खरवडले. नखांतलं तेल हटेना. मग कारखान्यातले हातमोजे घरी आणले. ते घालून केसांना हात लावताच सुशीला किंचाळली.

“कोण तो? हात काड!” ती अंगणात धावली आणि माडाआड लपली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवदासने तेल बंद केलं.

केसांच्या जटा झाल्या. त्यात उवा झाल्या. फणी लावली की ती ओरडायची. शेजारच्या लक्ष्मीवयनीला बघवेना. “भावोजी, ह्यां असां किती दीस ठेवतल्यात? कापूया.”

सुशीला दुपारी झोपलेली असताना त्यांनी ते उरकलं. मान शिवदासने धरली, कात्री लक्ष्मीवयनीने चालवली. आपल्याला रडू येईल असं शिवदासला वाटलं होतं. आलं नाही. केस त्याने कागदात गुंडाळून माडाच्या मुळाशी पुरले आणि हात धुतले.

तपासणीच्या दिवशी रेषा अंगणासारखी सपाट आली.

“बाब, आतां कायच ना!” रुद्रेशने आनंदाने त्याचा हात दाबला. मॅनेजरही म्हणाला, या माणसाला ठेवा. “बरां,” शिवदास म्हणाला. त्याला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. तो दुसऱ्या टाकीकडे गेला.

संध्याकाळी घरी आला तर सुशीला उंबऱ्यावर बसली होती. सातेरीच्या देवळातून आणलेला आबोलीचा वळेसर, गुंफलेला गजरा, लक्ष्मीवयनीने तिच्या हातात दिला होता. तो मुठीत धरून दुसऱ्या हाताने ती मानेवर अंबाडा चाचपत होती. मानेवर नाही म्हणून कानामागे, तिथेही नाही म्हणून पुन्हा मानेवर. शिवदासची चाहूल लागताच तिने वळून न बघता वळेसर खांद्यावरून मागे धरला.

“माळ,” ती म्हणाली.

खोवायला काही नव्हतं. शिवदास तिच्यामागे बसला. अंबाडा जिथे असायचा तिथे त्याने वळेसर टेकवला आणि बोटाने दाबून धरला. तिने एकदा चाचपून पाहिलं, फूल लागलं, हात खाली घेतला.

लक्ष्मीवयनीने कुंपणापलीकडून हाक मारली, दिवा लावायची वेळ टळली म्हणून. शिवदासने ओ दिली, पण बोट काढलं नाही.