शेंदराखालचं लोखंड

गोजरबाईच्या खळ्याच्या कडेला ते मशीन उभं होतं आणि गावातलं एकही माणूस त्याच्या सावलीतून जात नव्हतं. चाकं गंजून गेलेली, पाठीवर घाणेरी चढलेली, पण तोंडाची बाजू मात्र बोटभर शेंदरानं माखलेली. परक्यानं पाहिलं असतं तर हात जोडून विचारलं असतं, कुठला देव हा? देव कसला डोंबलाचा! गवत दाबून, सुतळीनं आवळून त्याचे चौकोनी गठ्ठे करणारं ते मशीन. भिंगारच्या मिल्ट्रीच्या फार्मावरून लिलावात निघालं, तेव्हा गोजरबाईचा नवरा सहादेव आणि दीर कारभारी या दोघा भावांनी मोठ्या हौसेनं घेतलं. दोन हंगाम डोंगरचं गवत दाबून मुंबईच्या तबेल्यांना धाडलं. तिसऱ्या हंगामात तोंडात गवत तुंबलं, सहादेवनं चालू मशीनमध्ये हात घातला आणि मशीननं त्याला खांद्यापर्यंत आत ओढलं. राजूरच्या वाटेवर बैलगाडीतच त्यानं डोळे मिटले.

चालू मशीनमध्ये हात घालायचा, ही इथली सगळ्यांचीच रीत. ते मेलं इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा चालू करताना हँडल मारून मारून खांदे निखळायचे. मग कोण बंद करतंय? तुंबलं की घाल हात, ओढ गवत, चल पुढं! सहादेवनं काही जगावेगळं केलं नव्हतं.

गोजरबाई त्या दिवशी पेंढ्या देत तिथंच उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मशीन बंद कुठून होतं हेच तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती ओरडत राहिली आणि इंजिनाच्या आवाजात ते मागं गठ्ठे रचणाऱ्या कारभारीलाही ऐकू गेलं नाही; त्यानं वळून पाहिलं, तोवर उशीर झाला होता.

तेराव्यानंतर सासू छबूबाईनं जवसाच्या तेलात शेंदूर कालवला आणि मशीनच्या तोंडाला फासला. म्हणाली, "माझं एक लेकरू खाल्लंय यानं. दुसऱ्याकडं बघू नये, म्हनून याला निवद दाखवायचा." दर अवसेला शेंदूर आणि नारळ. सासू गेली, तसं ते गोजरबाईकडं आलं. देवळातला देव असता तर विधवा बाईनं शेंदूर लावला म्हणून गावानं तोंड वाकडं केलं असतं, पण इथं कोण बोलणार? उलट ती करते म्हणून बाकीचे सुटले होते. गोजरबाई मात्र सासूसारखी कोप व्हायला नको म्हणून लावत नव्हती. त्या लोखंडावर सहादेवचं रक्त होतं. ते कधी डोळ्यांना दिसू नये, म्हणून ती थरावर थर चढवत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली आणि बहात्तर सालचा दुष्काळ आला.

भंडारदऱ्याच्या अंगाच्या डोंगरांवर निदान गुडघाभर गवत तरी उभं राहिलं. तिकडं जामखेडच्या बाजूला कुसळ नव्हतं. दिवाळी सरली आणि गोजरबाईचा धाकटा भाऊ कानिफनाथ खर्ड्याहून गुरांच्या छावणीसाठी ट्रक घेऊन गवताला आला. ओसरीवर टेकला, पण पुढ्यातल्या भाकरीला त्यानं हात लावला नाही.

"खा की रं, कानिफ."

"घास उतरत न्हाई, आक्का. छावनीतली जनावरं येकमेकांच्या अंगाखाली घातलेला पाचोळा खात्यात. आपली कपिली काल बसली ती उठंना. मानूस आलं की नुसती बघती."

कपिला गाय गोजरबाईच्या माहेरची. त्या गाईच्या आईला गोजरबाईनं पोरवयात चारलेलं.

"मग भर की ट्रक. डोंगर मोकळा हाय."

"भरला व्हता मागच्या खेपेला. सुट्टं गवत, वर डोंगराएवढं दिसतंय आन् छावनीत सांजच्यालाच संपतंय. निम्मं तर वाऱ्यानं वाटंतच उडालं." कानिफनाथनं खळ्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "दाबून गठ्ठे केलं, तर तेवढ्याच ट्रकात तिप्पट बसंल."

कारभारी उठून गोठ्यात निघून गेला. गोजरबाईला भावाचा राग आला. हेच सुचायचं होतं याला! पण समोरची भाकरी तशीच वाळत होती, आणि तो रागही मग धरवेना.

सकाळी तिनंच कारभारीला सांगितलं, "भावजी, भिंगारच्या आमोसभाऊंना बोलवा."

आमोस त्या फार्मावर फिटर होता. मशीन पहिल्यांदा याच खळ्यात उभं केलं ते त्यानंच, आणि तेव्हा सहादेवच्या ताटाशेजारी बसून जेवलाही होता. आता केस पिकलेले, पेन्शनीत निघालेला. आला तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावूनच. त्यानं इंजिन उघडलं, साखळ्या रॉकेलमध्ये भिजत घातल्या, चाकांना तेल पाजलं. दोन दिवस तो आणि कारभारी मागच्या बाजूलाच झटत होते. तोंडाकडं कुणी फिरकलं नाही.

शेवटी आमोस गोजरबाईपुढं येऊन उभा राहिला. "बाई, बाकी सगळं वळणावर आलंय. पण सुतळीला गाठ मारणारी चोच शेंदरात पार बुजलीय. ती हलल्याशिवाय गठ्ठा बांधला जायचा नाही. शेंदूर काढावा लागंल."

कारभारीनं कानांना हात लावले. "माझ्या आईनं लावलेला हाय तो. म्या न्हाई हात लावनार." कानिफनाथ भिंतीकडं बघत उभा राहिला.

आमोसनं खरवडायची पट्टी तिच्यापुढं धरली. "मी काढीन, पण तुम्ही सांगितलं तरच. तुमच्या घरातली गोष्ट हाय ही."

गोजरबाईनं पट्टी घेतली. "म्याच काढते. पर आदी येक सांगा, आमोसभाऊ. हे बंद कुठून करायचं?"

आमोसनं तिला इंजिनाजवळ नेलं, एक लोखंडी दांडी तिच्या हातात दिली, खाली ओढायला लावली, पुन्हा ओढायला लावली. "पण ध्यानात ठेवा, बाई. इंजिन मेलं तरी हे मोठं चाक लगेच थांबत नाही. आपल्या जोरावर फिरत राहतं. चाक उभं राहिल्याशिवाय आतलं काही थांबलं, असं समजायचं नाही."

"मशीन चाललं, तर या दांडीपाशी म्या उभी ऱ्हानार. कबूल असंल तर बोला."

"कबूल," कारभारी पुटपुटला.

तिनं जुनं लुगडं खाली अंथरलं, कारण आमोसनं बजावलं होतं की शेंदराचा कणही गवतात जाता कामा नये, गुरांच्या पोटात गेला तर गुरं दगावतात. मग ती खरवडायला लागली. वरचे थर तिचे, खालचे सासूचे. खपल्याच्या खपल्या लुगड्यावर पडत होत्या. जसजसं लोखंड जवळ येत गेलं, तसतशी ती सावकाश खरवडायला लागली. शेवटची खपली तिनं डोळे मिटूनच उचकटली.

डोळे उघडले, तर आत स्वच्छ लोखंड. काल घडवल्यासारखं, निळसर. गंज नाही, डाग नाही.

"मिल्ट्रीत पुलाच्या लोखंडाला आम्ही हेच फासायचो," आमोस हळूच म्हणाला. "जवसाच्या तेलातला शेंदूर. पाणी शिवत नाही. चाकं गेली बघा गंजून, पण जे नाजूक काम, ते तुमच्या हातानं राखलं गेलं."

गोजरबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती लोखंडावरून बोटं फिरवत होती. "धन्याचं कायबी न्हाई इथं," ती म्हणाली. "म्या येवढी वर्सं झाकत व्हते... आन् इथं कायबी न्हाई!" आणि ती तिथंच मांडी घालून रडली. सहादेव गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. कुणी तिला उठवलं नाही.

लुगडं तिनं खपल्यांसकट गुंडाळून बांधाकडेला खोल पुरलं. सगळे सांधे रॉकेलनं धुऊन झाले. तिसऱ्या प्रहरी कारभारी आणि कानिफनाथनं आळीपाळीनं हँडल मारलं. घामाघूम झाले, तेव्हा कुठं इंजिन धडाडलं. गवत दाबणारा दट्ट्या आत-बाहेर व्हायला लागला, चोचीनं सुतळी पकडली, गाठ मारली, आणि मागून चौकोनी गठ्ठा सरकत बाहेर आला. पहिले काही गठ्ठे आमोसनं बाजूला टाकायला लावले. शेंदराचा कण राहिला असला तर त्यातच जावा. मग ट्रक भरायला लागला. कानिफनाथ हसत होता, रडतही होता.

आणि तोंडात गवत तुंबलं.

कारभारी वाकला. भावाचं काय झालं ते त्यानं ऐकलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं. पण ट्रक उभा होता, दिवस कलला होता, आणि हातांची जुनी खोड! त्याचा हात पुढं गेला.

गोजरबाईनं दांडी खाली ओढली. इंजिन थांबलं, पण चाक फिरतच होतं आणि आतला दट्ट्या ठक ठक करत होता.

"भावजी, चाक!"

या खेपेला तिचा आवाज साऱ्या खळ्याला ऐकू गेला. कारभारीचा हात होता तिथंच थांबला. दट्ट्या त्याच्या बोटांपुढून आणखी दोनदा गेला. मग चाक सावकाश उभं राहिलं.

कारभारीनं हात मागं घेतला. "वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "आता पुन्यांदा हँडल मारावं लागंल."

"मारू," गोजरबाई म्हणाली. "दर येळंला मारू."

तिनं चाकावर तळहात ठेवून ते खरंच थांबलंय ना, ते पाहिलं. दुसऱ्या हातानं दांडी खाली धरून ठेवली.

"आता घाला हात."