माझं घट्ट झाकण

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर कधीकाळी एक निळं जहाज होतं. आता त्याचं शीड तेवढं उरलं आहे, बाकीच्या जागेवर गंजाने हक्क सांगितला आहे. भंगारवाला मला फुकटसुद्धा उचलणार नाही. तरी माझी गोष्ट ऐका, आणि ऐकताना मला फार गुणी समजू नका, कारण जे झालं त्यात माझाही दोष आहे.

मी एका कारखान्यात जन्मलो. सपाट पत्रा यंत्राखाली आला, वाकला, कडा एकमेकींत अडकल्या आणि मी उभा राहिलो. तपासणीच्या बाईंनी माझं झाकण लावून पाहिलं आणि उघडायला गेल्या तर त्यांचं नख मोडलं. रागावण्याऐवजी त्यांनी मला शाबासकी दिली. असं झाकण शंभरात एखाद्याचंच बसतं, म्हणाल्या. त्या दिवसापासून मला माझ्या झाकणाचा गर्व जडला.

माझ्या पोटात बिस्किटं भरून मला एका घरी पाठवलं गेलं. बिस्किटं आठवड्यात संपली. त्या घरच्या बाईंनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून पडदे शिवून घेतले होते. शिलाईचे पैसे थोडे कमी पडले, म्हणून त्यांनी वर मला देऊन टाकलं. अशा रीतीने मी आईच्या घरी आलो. तिला तिची दोन मुलं आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो.

आईने मला बटणांचा डबा केलं आणि शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर बसवलं. तिथे मी एकोणीस वर्षं बसलो. माझं झाकण ती चमच्याच्या दांड्याने उघडायची आणि दर वेळी म्हणायची, या डब्याच्या पोटात गेलेलं सांगितल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मी फुगून जायचो. एका खोलीचं ते घर, पण माझ्यासाठी राजवाडा होता.

आईची एक रीत होती. घरात कोणाचं देणं झालं, वाण्याचं असो की औषधाच्या दुकानाचं, ती माझ्यातून एक काळं बटण काढून खिडकीतल्या बशीत ठेवायची. मोठ्या देण्याला कोटाचं मोठं बटण, लहानाला सदऱ्याचं. देणं फिटलं की बटण परत माझ्याकडे. बशी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायची. वाणी तर रस्त्यावरूनच विचारायचा, "काय बाई, माझं बटण आहे ना जागेवर?" आई हसून म्हणायची, "उजेडातलं देणं वाढत नाही हो. अंधारात ठेवलं की त्याला पिल्लं होतात."

पण मुलीला त्या बशीची लाज वाटायची. ती शाळेत असताना तिची एक मैत्रीण घरी आली, तिने गंमत म्हणून बशीतली बटणं मोजली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना आकडा सांगितला. तेव्हापासून मुली तिला 'अकरा बटणं' म्हणू लागल्या. शाळा सुटेपर्यंत ते नाव तिला चिकटून राहिलं. तिच्या धाकट्या भावाला, छोट्याला, यातलं काही माहीत नव्हतं. तो तिला ताई म्हणायचा.

ताई वीस वर्षांची झाली तेव्हा एका हॉटेलच्या धुलाईखान्यात लागली. तिथे दोघी जणी चादरीची दोन टोकं धरून तापलेल्या रुळाखाली सरकवतात. हात जरा पुढे गेला की भाजतो. तिच्या दोन्ही हातांवर मनगटाच्या वर तांबूस पट्टे उमटले होते. त्याच वर्षी आईने कर्ज काढून विजेवर चालणारं नवं मशीन घेतलं. कर्ज आईच्या नावावर, जामीन म्हणून सही ताईची. कोटाचं सगळ्यांत मोठं बटण बशीत गेलं, आणि पाच हप्ते वेळेवर फिटले.

सहावा हप्ता यायच्या आधी आई गेली. सकाळी ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती नव्हती. मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, मला रडता येत नाही. पण त्या आठवड्यात माझ्याकडे कोणी चमचा घेऊन आलं नाही, हे मला फार लागलं.

नवव्या दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीचं एक जाड पाकीट आलं. अशा पाकिटांना पुढे एक पारदर्शक खिडकी असते. त्या खिडकीतून आईचं पूर्ण नाव दिसत होतं. ताईने ते नाव पाहिलं आणि पाकीट उघडण्याचं धैर्य तिला झालं नाही. तिने बशीतली बटणं आणि माझ्यातली बटणं एका कापडी पिशवीत ओतली, पिशवी खाटेखाली ढकलली आणि ते पाकीट माझ्यात ठेवून झाकण दाबलं. मी ते घट्ट धरून ठेवलं. मला वाटलं, मी तिच्या दुःखाची राखण करतो आहे.

मग दर महिन्याला पाकिटं येऊ लागली. ताईचा पगार सात तारखेला व्हायचा आणि हप्ता पाच तारखेला असायचा. त्या दोन दिवसांसाठी दर महिन्याला दंड बसायचा, आणि तो दंड पुढच्या हप्त्यावर चढायचा. मग तिने मोबाईलवरून एक छोटं कर्ज घेतलं. पाच मिनिटांत मिळालं. ते फेडायला दुसरं घेतलं, तेही पाच मिनिटांतच. आगीतून फुफाट्यात जायला एवढाच वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं. लोक सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पण अंथरूणच हातरुमालाएवढं असेल तर पाय ठेवायचे कुठे, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

ताई उधळी नव्हती. तिने दोन वर्षांत एक चप्पल घेतली, तीही धुलाईखान्यातल्या ओल्या फरशीवर जुनी घसरायला लागली म्हणून. छोट्याला ती भरपेट वाढायची आणि मी कामावर खाऊन आले, म्हणायची. कामावर काही मिळत नसे. वसुलीवाला दारात आला की ती त्याला पाणी द्यायची आणि हातात असेल ते द्यायची. पाकिटं मात्र ती उघडत नव्हती. आलं की सरळ माझ्यात, वरून तळहाताने एक दाब.

पुढे धुलाईखान्याचा बॉयलर फुटला. तीन महिने काम बंद, पगार बंद. दोन माणसं आली आणि आईचं मशीन उचलून घेऊन गेली. मी त्याच्या कोपऱ्यावरून खाटेखाली आलो. मशीन विकून कंपनीला जे मिळालं ते दंडातच जिरलं. ज्या वस्तूसाठी कर्ज काढलं ती गेली आणि कर्ज राहिलं.

धुलाईखाना परत सुरू झाला त्या वर्षी छोट्याची शाळेची शेवटची परीक्षा होती. सुट्टीत शीतगृहात खोकी वाहून त्याने परीक्षेची फी स्वतः जमवली होती आणि भरायला ताईकडे दिली होती. त्याच दिवशी वसुलीवाला दारात उभा होता. ताईने फीचे पैसे त्याला दिले आणि ठरवलं, चार दिवसांचाच प्रश्न आहे, पगार झाला की भरू. छोट्याला तिने फी भरली असं सांगितलं. पगार झाला आणि दुसऱ्याच कर्जाने तो गिळला. शाळेकडून एक पाकीट आलं. तोवर तिच्या हाताला सवयच लागली होती, तेही तिने न बघता माझ्यात कोंबलं. परीक्षेचं हॉल तिकीट आलंच नाही. शाळेने घोळ घातला, असं ती छोट्याला म्हणाली, आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. परीक्षा सुरू झाली त्या सकाळी तो शीतगृहात कायमच्या कामाला गेला.

मित्रांनो, तेव्हा तरी माझं झाकण उडायला हवं होतं. पण मी आतून ठासून भरलेला होतो आणि अजून स्वतःच्या घट्टपणावर खूष होतो.

एका रविवारी दुपारी ताई जादा पाळीला गेली होती. छोट्याच्या कामावरच्या सदऱ्याचं बटण तुटलं. त्याला आईचा बटणांचा डबा आठवला. त्याने मला खाटेखालून ओढून काढलं आणि चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. बटण एकही नव्हतं. एकतीस पाकिटं होती.

ताई परत आली तेव्हा त्याने सगळी पाकिटं फोडून तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली होती. भिंतीपासून दारापर्यंत कागदच कागद. ताई उंबऱ्यातच थांबली. छोट्या ओरडला नाही. त्याने एक कागद उचलून तिच्यासमोर धरला.

"ताई, यावर माझं नाव आहे."

शाळेने लिहिलं होतं की फी मिळालेली नाही, घरची अडचण असेल तर साधा अर्ज द्यावा, फी माफ होईल. खाली शेवटची तारीख होती. ताई कागदांमध्येच खाली बसली. मी भरली असं खोटं सांगितलं, एवढंच ती म्हणाली. छोट्याने तिला जवळ घेतलं नाही. मग त्याने तिच्या हातात सर्वांत जुना कागद दिला, नवव्या दिवशी आलेला.

ते विम्याचं पत्र होतं. कर्ज घेतानाच आईच्या पैशातून विम्याची रक्कम कापलेली होती. कर्जदार वारल्यास सहा महिन्यांच्या आत मृत्यूचा दाखला आणून द्यावा, उरलेलं सगळं कर्ज फिटेल, असं त्यात लिहिलं होतं. अडीच वर्षं उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं कंपनीच्या कचेरीत गेली. कागद माझ्यात घातले होते, म्हणून मीही गेलो. तिथले कारकून म्हातारे होते, बोलायला वाईट नव्हते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे तुम्हाला मिळालं नव्हतं का?"

"मिळालं होतं," ताई म्हणाली.

"मग?"

ताईने माझ्यातले बाकीचे कागदही काढून टेबलावर ठेवले. कारकून मग पुढे विचारत बसले नाहीत. मुदत संपली आहे, अर्ज करून ठेवतो, पण आशा धरू नका, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी वह्यांत बघून हप्ता लहान करून दिला. शेवटी, हप्त्याची तारीख पगारानंतरची का घेत नाही, असं सहज विचारलं आणि पाचाच्या जागी दहा लिहिलं. त्याला एक सही लागली. अडीच वर्षांचा दंड त्या एका सहीवाचून चढला होता. ताई त्या आकड्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर ताईने खाटेखालून कापडी पिशवी काढली. आईची बशी कधीच फुटली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझं झाकण उचलून खिडकीत उलटं ठेवलं. त्यात ती एकेक काळं बटण टाकू लागली, जेवढे हप्ते उरले होते तेवढी. त्रेचाळीस झाली. मग पिशवीत हात घालून तिने शोधून शोधून कोटाचं मोठं बटण काढलं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं.

"हे कोणाचं?" छोट्याने विचारलं.

"तुझं. एक वर्ष."

 तो सदऱ्याला लावायला पिशवीतून एक बटण घेऊन सुई शोधू लागला. ताईशी तो त्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मित्रांनो, तेव्हापासून मी बिनझाकणाचा आहे. माझा गर्व खिडकीत उलटा पडून आहे, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसतो, आणि तो तिथेच बरा आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा, एखादा खण असेल. त्यात बटणं ठेवा, खिळे ठेवा, धान्य ठेवा. पण ज्या पाकिटावर तुमचं नाव आहे, ते फोडल्याशिवाय त्यात ठेवू नका. भीती वाटली तर कोणाला तरी शेजारी बसवा आणि फोडा. आम्ही डबे आज्ञाधारक असतो, जे द्याल ते सांभाळतो, आणि म्हणूनच आमच्यावर विश्वास टाकू नये.

दर महिन्याच्या दहा तारखेला एक काळं बटण माझ्या पोटात परत येतं आणि टणकन वाजतं. आतापर्यंत चौदा आली आहेत. छोट्या अजून शीतगृहातच जातो. कोटाचं मोठं बटण अजून झाकणातच आहे. ताई रोज त्याच्यावरची धूळ पुसते आणि परत तिथेच ठेवते.