पिगाआजीचे गुडघे

हातरुमाल पांढरा होता, कडेला निळी रेघ, आणि तो त्या पोरीच्या मुठीत चुरगळून बसलेला — दोर्कासची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. धक्क्यावर रांग लागली होती. पोरगी होडीतून उतरली तीच ओल्या कपड्यांनी, वाटभर ओकून चेहरा पिवळा पडलेला, आणि आता रीतीप्रमाणे एकेकाच्या नाकाला नाक लावत पुढे सरकत होती. पाळकसाहेब, त्यांची बायको, मग शेजारची तबीता, मग मासळीचा दर्प सुटलेले ते दोघे भाऊ... लाव, लाव. आणि आता पूस. गेल्या वर्षी कुपांगच्या पाळकशाळेतून शिकवणीच्या वर्षाला आलेल्या पोरानं प्रत्येक नाकानंतर आपलं नाक पुसलं होतं. मग अख्खं राइजुआ बेट त्याला रुमालच म्हणायला लागलं, प्रवचनाला उभा राहिला की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास शिंकायचं. बरं होतं ते. लोक ज्याला हसतात तो कोणाचं फारसं काही बिघडवू शकत नाही.

रुमाल वर गेला नाही.

"ही ओर्पा, कुपांगची," पाळकसाहेब म्हणाले. "वर्षभर तुमच्याकडे, दोर्कासबाई. लेकीसारखी सांभाळा."

"सांभाळू की. दरवर्षी नवं लेकरू मिळतं आम्हाला, बाळंतपणाचा त्रास नाही."

तबीता खिदळली. "या वेळची वाळकी आहे गं. वारा सुटला की दाव्याला बांधून ठेव."

पोरगीही हसली. मग तिचं थंडगार, खारट नाक दोर्कासच्या नाकाला टेकलं आणि अंमळ जास्तच टेकून राहिलं — भोवळ आली असावी, किंवा शिकून आली असावी. शिकूनच आली असणार.

घरापर्यंतच्या चढावर दोर्कास पुढे चालली, मागे वळली नाही. मागून धापा ऐकू येत होत्या, येऊ देत. दरवर्षी आमच्याच घरी का, हे पाळकसाहेब कधी बोलले नाहीत आणि तिनं कधी विचारलं नाही, दोघांनाही ठाऊक होतं म्हणून. घरात म्हातारी होती, पिगाआजी. चर्चच्या कारभारात पहिल्या बाकावर बसणाऱ्या दोर्कासची सख्खी आई, आणि अजून जुन्या धर्मात. अशी म्हातारी ज्याच्या हातून बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली येईल त्याच्या शिकवणीचं सोनं झालं, तो कुपांगला ताठ मानेनं परत जाणार... पहिला आला तो नरकाबद्दल ओरडला, आईनं त्याच्या बुटांवर तांबडी पिंक टाकली. दुसरी रडली. रुमालनं रंगीत चित्रं भिंतीला लावली, ती कोंबड्यांनी फाडली. दोर्कासनं प्रत्येकाची माफी मागितली, प्रत्येकाला ताडाचा पाक घालून ज्वारीची पेज वाढली — आणि वाढताना मी आतून खूश असायचे. देवाशपथ खूश असायचे. असेच येत राहा, एकापेक्षा एक वेडे.

कारण बाबा अंगणात बसले होते. बसलेच होते: जुन्या रीतीनं पुरलेले, गोल खड्ड्यात, गुडघे छातीशी घेऊन, आईच्या पोटात पोर असतं तसे. वर सपाट दगड. शेजारी दुसरा दगड, त्याच्याखाली अजून कोणी नाही. तो आईचा; बाप्तिस्मा झाला तर ती चर्चच्या आवारात, पेटीत आडवी जाणार. तिचं लग्न ख्रिस्ती घरात ठरलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते — तू कुठेही झोप, तुझ्या आईला माझ्याजवळ बसव. ती हो म्हणाली होती. पुढे बाप्तिस्मा घेताना पाळकांनी जुन्या रीती सोडण्याबद्दल जे जे विचारलं त्यालाही ती हो म्हणाली होती. दोन्ही हो एकाच तोंडातून निघालेले, आणि इतकी वर्षं ते एकमेकांना भेटू नयेत याची तिनं काळजी घेतली होती.

म्हातारी ओट्यावर होती, नेहमीसारखी, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. ते गुडघे कित्येक पावसाळ्यांत सरळ झाले नव्हते. झोपायची तीही कुशीवर, तशीच दुमडून. दोर्कासला त्याचं वाईट वाटायचं, आणि — हे कोणाला सांगायचं? — जरा हायसंही वाटायचं. जणू शरीरानंच ठरवून टाकलं होतं कुठं जायचं ते.

"आली का यंदाची?" म्हातारी म्हणाली. "कोणत्या देवाकडून?"

"कुपांगहून, आजी."

"कुपांगला देव नाहीत. दुकानं आहेत."

पोरगीनं नाकाला नाक लावलं. म्हातारीनं पान-सुपारी पुढे केली, आणि दोर्कास दाराशी थांबली — आता नाही म्हणेल, यांच्या शाळेत पान खाऊ देत नाहीत. पोरगीनं विडा तोंडात घातला, चुना जास्त झाला, डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी इतकी हसली की लाल ओघळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला, आणि तेव्हा तो रुमाल वर आला. हळूच, खालून वर, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. आईनं पुसू दिलं. माझा हात ती झटकते. रोज झटकते.

"गुडघे दुखतात, आजी?"

"तुझ्या वयाची असताना रात्ररात्र नाचले यांच्यावर. आता वसूल करतायत मेले."

"मावशी, थोडं तेल मिळेल?"

"तेल स्वयंपाकाला आहे," दोर्कास म्हणाली.

"दे गं," आई म्हणाली. "मी काय भजी तळणार आहे गुडघ्यांवर?"

तिनं वाटी आणून आपटली. पोरगी खाली बसली, तेल तळव्यांवर चोळलं, आणि अजिबात घाई न करता त्या वाळल्या सांध्यांशी काहीतरी करत राहिली. ऊन ओट्यावरून उतरलं. आणि दोर्कासनं पाहिलं — उजवा पाय बोटभर पुढे आला. मग वीतभर. मग डावा. आईचे दोन्ही पाय चटईवर लांब पसरले होते, इतके लांब, एवढी उंच होती का ही?

"आई गं," म्हातारी म्हणाली, डोळे मिटलेले. "तुमच्या त्या पेटीत... पाय असेच ठेवतात ना?"

पोरीचा हात थांबला. आता, दोर्कासला वाटलं. आता टाकेल जाळं. टाक. बोल एकदा येशूचं नाव, मग बघ, ओल्या कपड्यांसकट परत होडीत घालते की नाही तुला.

"असेच ठेवतात, आजी." ती म्हणाली, "पण तिथं दुखायचं राहतं का, ते नाही मला सांगता येत."

आणि पुन्हा चोळू लागली. बस, एवढंच. हाकलण्यासारखं एक अक्षर बोलली नाही. हिला काहीच कसं शिकवलेलं नाही... की सगळंच शिकवलं आहे? रुमालनं अशा वेळी टाळ्या पिटल्या असत्या, आईनं लाथ झाडली असती, पाय पुन्हा दुमडले असते.

थोड्या वेळानं पोरगी खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली, लाल डागाचा रुमाल मांडीवर. तिच्याबद्दल काहीतरी वाईट शोधावं म्हणून दोर्कास तिच्याकडे बघत राहिली. टाचेला फोड आला होता. चढावर आला असणार.

आईही झोपली होती. उताणी.

दोर्कासनं आतून उशी आणली. एक हात आईच्या पोटरीखाली घातला, गुडघा हलकेच वर उचलून दुमडला, खाली उशी सरकवली. मग दुसरा. अंगणात दोन्ही दगड एकमेकांशेजारी तापलेले दिसत होते. झोपेत आई कण्हली. बाबा, तुमच्या शेजारी पाय लांब करायला जागा नाही... तुम्हाला तरी कोणी विचारलं होतं का, तुमचे दुखत होते का?

उशी चटईवरून घरंगळली. पाय आपोआप, एकामागून एक, सरळ झाले. आणि कण्हणं थांबलं.

तिनं उशी उचलली. पुन्हा वाकली, वाकून तशीच राहिली, मग उभी राहिली उशी पोटाशी धरून. सकाळपासून धरून ठेवलेला राग अजून अंगात होता, पुरता शाबूत, पण आता तो घेऊन कोणाकडे बघायचं हे तिला कळेना.