काळ्या गाडीची दृष्ट

मृणाली खोटं बोलली. माझ्या अंगणात, माझ्यादेखत, अस्लमच्या तोंडावर. सून म्हणून घरात आल्यापासून तिचे बरेच गुण मी पाहिले. उलट उत्तर न देणं हा त्यातला सगळ्यात वाईट, कारण मग भांडायचं कुणाशी? पण खोटं बोलताना तिला त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं.

अस्लम पूर्णगडहून आला होता तो मृणालीकडे कामाला दिलेली आपली गाडी न्यायला नव्हे, नुसती बघायला. परवा त्याच्या शिफाचा निकाह. पोरगी ह्याच काळ्या गाडीत बसून दाभोळला सासरी जायची होती, त्यामुळे बापाला घरी राहवेना. मृणालीने गाडी शेडमधून बाहेर काढून उन्हात उभी केली आणि तिघांनाही एकदम दिसलं. बॉनेटवर ओरखडे. केसासारखे बारीक, पण काळा रंग काही पोटात ठेवत नाही. पांढऱ्या गाडीवर मांजर नाचलं तरी कळायचं नाही. काळीवर माशी घसरली तरी उन्हात दिसते.

अस्लम वाकून बघत राहिला. "हा काय झाला, मृणाली?"

"माझ्या हातून झालं, अस्लमभाई. फडक्यात खडा राहिला असणार. संध्याकाळपर्यंत काढते."

फडक्यात खडा! जी बाई आपली फडकी अंगणातल्या दोरीवर घालत नाही, जांभ्याची धूळ बसेल म्हणून घरात पंख्याखाली वाळवते, तिच्या फडक्यात खडा?

अस्लम भला माणूस. कुवेतला उमेदीची वर्षं घालवून आलेला, आवाज चढवणारा नव्हे. संध्याकाळी असरची नमाज झाली की येतो म्हणाला. पण जाता जाता हेही म्हणाला, की नाही जमलं तर आत्ताच सांग, भाच्याची पांढरी गाडी नवरीला काढतो. मृणाली म्हणाली, जमेल. तो गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती शेड आमच्या ह्यांची. ते होते तोवर तिच्यात आंब्याच्या पेट्या लागायच्या. ते गेल्यावर पाली आणि उंदीर. माझा सुजय बोटीवर, वर्षातले थोडे दिवस घरी. मृणाली मूळची मंडणगडची, डोंगरातली. पुण्याला जाऊन हे गाड्या चमकवायचं शिकून आली आणि शेड झाडून कामाला लागली. कोणी विचारलं की मी सांगायची, आमची सून लोकांच्या गाड्या घासते. गेल्या महिन्यात सुजयचा फोन आला. शिमगा झाला की एक आंबेवाला शेड भाड्याने मागतोय, मृणालीच्या धंद्यात काही दम दिसत नाही, देऊन टाकू. ती शांतपणे म्हणाली, अस्लमभाईंची गाडी होऊ दे. लग्नात सगळा पूर्णगड बघेल, दाभोळ बघेल. त्यांच्या भाच्यांच्या भाड्याच्या गाड्या गणपतीपुळ्याला फिरतात. हिच्यावरून कामं आली नाहीत तर शेड मीच रिकामी करीन.

मी तेव्हा उठून म्हशीकडे गेले. नवराबायकोचं होतं.

गाडी आली तेव्हा काळी म्हणायचीही लाज वाटावी अशी होती. समुद्राची खारी हवा, आंब्याच्या कलमाखाली उभी करून मोहोराचा चिकटा, वर कोणीतरी रोज गोणपाटाने पुसलेली. उन्हात रंगावर कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसायचं. मृणालीने ती धुतली, मग मळलेल्या कणकेसारखा एक मऊ गोळा पाण्यातून फिरवून रंगात रुतलेली कचकच काढली. मग मशीन. आधी जरा जाड मलम, मग बारीक, मग त्याहून बारीक. जाळं विरलं आणि काळा रंग खोल खोल होत गेला, आमच्या विहिरीत वाकून बघावं तसा. राहिला होता फक्त शेवटचा लेप. कोटिंग म्हणते ती. तो बसला की खारी हवा, ऊन, चिकटा, काही रंगापर्यंत पोचत नाही, वर्षं दोन वर्षं झळाळी हलत नाही.

आणि ह्या सगळ्यात मला एकच वाक्य. आई, हात लावू नका.

मला ते कळत नव्हतं अशातला भाग नाही. माझा बिडाचा तवा आहे, सासूच्या हातचा. तेल पाजून पाजून काळा कुळकुळीत केलेला. घावन असं सुटतं त्याच्यावरून, की कालथा लागत नाही. नवी आली तेव्हा मृणालीने तो तवा साबण लावून तारेने घासला होता. पांढराफटक. मी सगळ्या वाडीला सांगितलं. सांगायचंच, तवा काय असातसा होता? ती रोज संध्याकाळी बसून तेलाचा हात देत राहिली आणि तवा परत काळा केला. पण माझ्या तव्याला हात लावू नको हे मी तिला सांगते, आणि तिने मला सांगायचं?

आता ओरखड्यांचं सांगते.

आदल्या संध्याकाळी येसूबाई आली, कुंपणापलीकडची. शेडचं दार उघडं. ती गाडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अगो सगुणे, आरसा केलान की काय? माझ्या डोक्यातले पांढरे केस मोजता येतायत." मोजू लागली असती तर तिथेच रात्र झाली असती. पण येसूबाईची जीभ गोड, नजर वाईट. आमच्या दारच्या रातांब्याला ती म्हणाली होती, काय गो लगडलाय. त्या पावसात झाड उभं मेलं. पुढे तिने कशाचं कौतुक केलं की मी घरात जाऊन जाडं मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेते. सुजयची काढली, म्हशीची काढली. गाडीची का नाही? लग्नाची गाडी, नवरी बसायची.

मृणाली आंघोळीला गेली तेवढ्यात काढली. माणसाची दृष्ट उभ्या जागी काढता येते, गाडीला भोवती फिरावं लागतं. बॉनेटवरून हात ओवाळताना मूठ सैल झाली आणि मीठ-मोहरी सांडली. मिठाने गंज चढतो हे समुद्राकाठच्या पोरालाही कळतं, म्हणून मी घाईघाईने पुसली. पदराने. पदराच्या काठाला जरीची तार होती. संध्याकाळच्या उजेडात काही दिसलं नाही. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती, आणि मी समाधानाने जेवले.

सकाळी उन्हाने सगळं सांगितलं.

अस्लम गेल्यावर मृणालीने बॉनेट उघडलं. पुढच्या काचेखाली पाणी वाहून जायची खाच असते, तिच्यात न शोधता थेट बोट फिरवलं आणि तळहातावर काहीतरी घेऊन अबोलीच्या वाफ्यात झटकलं. मी पायरीवरून बघत होते. मोहऱ्या लांबून दिसत नाहीत, पण काय झटकलं ते मला कळलं.

तिला माहीत होतं. अस्लमसमोर खोटं बोलली तेव्हाच माहीत होतं.

मग ती कामाला लागली. मी पायरीवर बसून राहिले. तिने जेवायला हाक मारली तर मी म्हटलं, भूक नाही. कुणाच्या उपकाराचं जेवण मी जेवत नाही. मशीनचा घुंगघुंग आवाज, मधेच बंद, ती वाकून बघते, परत घुंगघुंग. एकदा स्वतःशीच म्हणाली, रंगावरचा पापुद्रा पातळ आहे, फार घासता यायचं नाही. घासता घासता तो गेला तर गाडी रंगवायलाच घालावी लागते. मग कसली नवरी आणि कसली शेड.

ऊन कलायला लागलं तेव्हा ती शेडच्या दारात आली.

"आई, बॅटरी धरता का जरा?"

मी उठले. बॅटरी आडवी धरायची, समोरून नव्हे. उजेड तिरका पडला की ओरखडा लपत नाही. मी धरली. बॉनेटवर माझा पदर जिथून फिरला होता तिथे शेवटचे दोनचार उरले होते. ती त्यांच्यावरून मशीन इतकं हलकं फिरवत होती, जसं बाळाच्या टाळूला तेल.

"मोहऱ्या होत्या ना?" मी विचारलं.

"होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दृष्ट काढलीत, आई. दगड थोडाच मारलात?"

मी तिच्या तोंडावर उजेड टाकून बघितलं. ती म्हणाली, गाडीवर धरा, आडवी. आडवी धरली. थोड्या वेळाने मशीन थांबलं. तिने मलम पुसलं आणि दोघींनी खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. विहीर होती नुसती, आणि तिच्यात आम्ही दोघी.

पण लेप राहिला होता, आणि खाडीकडचा दमट वारा सुटायच्या आत तो बसायला हवा होता. एकटीने लावायचं आणि एकटीनेच पुसायचं तर उशीर झाला असता. तिने माझ्या हातात नवं, पिसासारखं मऊ फडकं ठेवलं. माझा पदर स्वतःच कमरेला घट्ट खोचला, काठ आत. वर म्हणाली, तवा पुसता तसा हात हलका. ती पुढे थेंब थेंब लावत गेली. तेलाच्या थेंबाने पाण्यावर धरावी तशी सप्तरंगी झाक त्याच्यावर आली की मागून मी पुसायचं. गोल नाही, सरळ. दार झालं, छप्पर झालं, डिकी झाली. एकदाही तिने म्हटलं नाही, हात लावू नका.

अस्लम आला तो बायकोला, मासूमाला घेऊन. गाडी उन्हाच्या शेवटच्या तिरिपीत उभी होती. त्याने भोवती फेरी मारली, बॉनेटशी वाकला, उठला, परत वाकला. मासूमा दाराशी उभी राहून त्या काळ्या रंगात बघत ओढणी नीट करायला लागली. परातीएवढा आरसा घरात असताना बाईमाणूस परक्याच्या अंगणात ओढणी सारखी करतं तेव्हा काम झालं असं समजावं.

मृणाली सांगत होती, काही दिवस पाणी लावू नका, कलमाखाली उभी करू नका, फुलं दोऱ्याने बांधा, चिकटपट्टी नको. मी मधेच म्हटलं, "अस्लम, फडक्यात खडा नव्हता. मी दृष्ट काढली आणि मीठ पदराने पुसलं. सुनेचं काही चुकलं नाही."

मृणालीची मान खाली गेली. अस्लम माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला, की कुंपणापलीकडे येसूबाईचं डोकं वर आलं.

"नजर उतरली ना, काकी? मग झाला."

मासूमा माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, डिकीत स्टेपनीखाली मीपण लिंबू ठेवलंय, ह्यांना सांगू नका. अस्लमने किल्ली घेतली. भाच्यांच्या दोन गाड्या लग्न उरकलं की पाठवतो, काळ्याच आहेत, म्हणाला. मृणाली नुसतं बरं म्हणाली. मग ती शेडच्या चौकटीला टेकली.

गाडी वळली तेव्हा तिच्या अंगावरून आमची कलमं गेली, घर गेलं, शेड गेली, कुंपणावरून डोकावणारी येसूबाईसुद्धा गेली. लाल रस्त्यावर धूळ उठली. मी बघितलं, तिच्या अंगावर बसली नाही.

आत जाऊन मी मृणालीकडून सुजयला मेसेज करवला, की आंबेवाल्याला नाही म्हणून सांग, शेड कामात आहे. मृणाली फडकी गोळा करत होती, पंख्याखाली वाळत घालायला. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"खोटं तुला जमत नाही, मृणाली. गाड्या जमतात. तेवढंच करत जा."