रंगाच्या बाटलीचा आळ

सरजाआक्का हैदराबादेहून राणीसावरगावला परत आल्याचं कळलं, तेव्हा मी झरीहून एस.टी. धरली ती भांडायलाच. माहेरच्या गल्लीतली ही बाई, आणि तिच्यावरचा राग मी सहा वर्षं पोसला होता. काय काय सुनवायचं ते गंगाखेड येईपर्यंत तोंडपाठ केलं.

एकाहत्तर साली तिनंच मला हैदराबादच्या घड्याळांच्या कारखान्यात लावून दिलं होतं. अंधारात चमकणारा रेडियमचा रंग आकड्यांवर भरायचा. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत ओला करायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. माझा हात भारी चालायचा, आणि त्याचा मला तोराही होता. सरजाआक्काचे मात्र दात एकामागून एक पडायला लागले. दवाखान्यातून आली की म्हणायची, "कोकिळे, ब्रश तोंडात घालू नगंस. डाक्टर म्हणला, त्यो रंग हाडात जाऊन बसतो." मी हसायचे. ओठ न लावता आकडा नीट येत नसे, आणि आकडे बिघडले की मुकादम घरी पाठवायचा.

एके दिवशी माझ्या पिशवीत रंगाची बाटली सापडली. मी ती ठेवली नव्हती. पिशवी तपासा, असं मालकाला सांगितलं होतं सरजाआक्कानं. त्याच दुपारी मला हाकललं. गावात चोर म्हणून बोभाटा झाला, ठरलेली सोयरीक मोडली. पुढं झरीत चांगलं घर मिळालं, पण तिचं नाव निघालं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती दारात बाजेवर बसली होती. पदराआडचा एक गाल पार आत गेलेला. जबड्याचं हाड काढावं लागलं होतं. पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून मी एवढंच विचारलं, "आक्का, बाटली तुमीच ठिवली व्हती ना?"

"व्हय, मीच." बोलायला तिला जड जात होतं. "तू कुठं ऐकायली व्हतीस? हाकलल्याबिगर गेली नसतीस."

"मग तुमी का न्हाई सोडलं?"

"माझ्या हाडात त्यो गेलाच व्हता. पोरींची शाळा ऱ्हायली व्हती." मग म्हणाली, "तुझी लय बदनामी झाली. माफ कर मला."

तिनं माझी माफी मागावी? मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. जिला सहा वर्षं शिव्या घातल्या, तिच्यामुळं मी धडधाकट होते, नांदत होते, दोन लेकरांची आई झाले होते. हे ऋण कुठं फेडू, तेच मला कळेना.

तिनं हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं. "आ कर," म्हणाली. मी आ केला. उजेडाकडं वळवून तिनं वरचे दात पाहिले, खालचे पाहिले, दाढा बोटानं हलवून बघितल्या. मग आत चुलीपाशी बसलेल्या लेकीला, होतं नव्हतं ते बळ लावून हाक मारली.

"समदे हायत गं. कोकिळेचे समदे हायत."