पिवळं पाणी

"काढ! आधी अंगातून काढ तो शर्ट!"

वैष्णवी एवढ्यानं ओरडली की चुलीपुढं बसलेल्या बायनाबाईच्या हातातली भाकर निसटली. बाहेर येऊन बघते तो नात श्रीनिधी रडतेय, तिच्या अंगातला बापाचा शर्ट आत्यानं, वैष्णवीनं, ओढून अंगणात फेकलाय आणि पोरीला साबण लावून खसाखसा धुतेय. बायनाबाईनं पोरीकडं बघितलंसुद्धा नाही. शर्ट उचलला, माती झटकली आणि पोटाशी धरला.

"माय, सोड तो. विष हाय त्यात. तू तर जाळला म्हणली होतीस!"

"माझ्या लेकाचा हाय. कशी जाळू?"

दोघी खरंच बोलत होत्या, पंचाईत तीच होती. दोन वर्षांपूर्वी कपाशीवर फवारताना पंप गळला आणि हरिओम पाठभर औषधानं भिजला. वाळंल की, म्हणत पठ्ठ्यानं सगळं रान उरकलं. परभणीच्या दवाखान्यातून नर्सनं त्याचे कपडे पिशवीत बांधून दिले, तेवढे घरी आले. शर्ट न धुताच बायनाबाईनं पेटीत ठेवला. सून कामावर गेली की ती पेटी उघडायची आणि शर्टात तोंड खुपसायची. घामाचा वास, तंबाखूचा वास. औषधाचाही होताच, पण आईचं नाक, ते आपल्याला हवं तेवढंच घेतं.

आज पेटीची कडी लावायची राहिली होती.

वैष्णवी, हरिओमची धाकटी बहीण, हैदराबादला संशोधन करते. गावातले लोक म्हणतात, पोरगी औषधावरचं औषध करायलीय. सुट्टीला येताना तिनं एक पुडी आणली होती, गावातल्या फवारणीच्या कपड्यांवर वापरून बघायला. ती पुडी तिनं आईपुढं धरली.

"मातीतल्या जंतूंत एक एन्झाइम असतं, माय. ते हे विष मधोमध तोडतं. पण लय नाजूक, उन्हानं, साबणानं खराब होतं. मग आमी बघितलं, त्यातलं खरं काम कोण करतंय? एक खोबण, तिच्यात जस्ताचे दोन अणू. तेवढंच आमी बनवलं, बाकीचं सोडून दिलं. हे उन्हात टिकतं. विष तोडून स्वतः संपत बी न्हाई."

भुकटी पिठागत पांढरी होती. बायनाबाईनं ती निरखत विचारलं,

"हे तवा असतं, तर वाचला असता का गं?"

वैष्णवीनं मान खाली घातली. "न्हाई, माय. हे अंगात चालत न्हाई. कापडावरच चालतं."

"मग काय करू तुझ्या शिक्षणाला!" बायनाबाई कडाडली आणि शर्ट मांडीवर घेऊन खाली बसली. "धुतल्यावर त्याचा वास ऱ्हाईल?"

"न्हाई."

श्रीनिधी ओल्या केसांनी जवळ आली. "आज्जी, दे ना. पप्पाचा हाय."

बायनाबाईनं नातीला जवळ घेतलं. एवढुसा जीव, आणि नाक थेट हरिओमचं. मग ती उठली आणि बादलीपाशी जाऊन बसली.

"मी धुते. त्याचे कपडे मीच धूत होते."

वैष्णवीनं आईच्या हातांत रबरी मोजे चढवले. फवारणीचे कपडे आजवर तिनं उघड्या हातांनीच धुतले होते. भुकटी पाण्यात पडली, शर्ट बुडाला. जरा वेळानं पाणी पिवळं व्हायला लागलं. हरिओमच्या हळदीच्या दिवशी न्हाणीतलं पाणी असंच दिसत होतं. बायनाबाईला हुंदका आवरेना.

"तुटायलंय माय, विष तुटायलंय. पिवळं झालं की समजायचं," वैष्णवी म्हणाली. "पहिल्यांदा असं झालं तवा लॅबमधे मी नाचले होते." आणि तीही आईच्या खांद्याला टेकून रडायला लागली.

दुपारी शर्ट वाळला. बायनाबाईनं तो नाकाशी नेला. वास गेला होता; शर्ट कुणाचाही असता. तिनं तो श्रीनिधीच्या अंगात घातला, बाह्या दुमडून दिल्या आणि पोरगी अंगणभर पळत सुटली.

दिवे लागायच्या वेळी घरात कुणी नाही असं बघून बायनाबाईनं पेटी उघडली आणि आत वाकून तोंड घातलं. वैष्णवीनं पेटीही आतून त्याच भुकटीच्या पाण्यानं पुसून ठेवली होती.