थंडीची तालीम

नॉर्वेला जायचं ठरवलं होतं ते आमच्या हिने आणि तिच्या मोठ्या बहिणीने. मी त्यात कुठेच नव्हतो. दोघी परत येईपर्यंत घर सांभाळायचं, कुंड्यांना पाणी घालायचं आणि आल्यावर फोटो बघून "वा, वा" म्हणायचं, एवढं माझ्या वाट्याला होतं. ते मी आनंदाने कबूल केलं होतं.

माझी सगळी नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. आधी पेट्या उचलायचो, मग फोरमन झालो. मटार, मासळी, आइस्क्रीम, जे काही गोठवून ठेवायचं ते आमच्याकडे. आत उणे अठरा. अशा माणसाने पदरचे पैसे घालून थंडी बघायला जायचं म्हणजे भट्टीवर काम करणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी शेकोटीला जाऊन बसावं, तशातली गत. मी तसं बोलूनही दाखवायचो. दोघी बहिणी हसायच्या आणि पुढच्या बेताला लागायच्या. रोज दुपारी त्यांचा फोन चालायचा. लोकरीचे मोजे किती घ्यायचे, आकाशात ते हिरवे दिवे दिसले नाहीत तर पुन्हा दुसऱ्या रात्री नेतात का, दिवस उगवतच नाही तर सकाळ झाली हे कसं ओळखायचं. हिने फोनमध्ये तिथल्या एका गावाचं हवामान लावून ठेवलं होतं.

"आज तिकडे उणे नऊ आहे बरं का," जेवायला वाढताना सांगायची.

"आमच्याकडे उणे अठरा."

"तुमचं आपलं नेहमीचंच," असं म्हणून ती पुढची पोळी टाकायची.

ही उन्हाळ्यात गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. आम्हाला मूलबाळ नाही. दिवसकार्य झाल्यावर माणसं आपापल्या घरी गेली आणि घरात मी आणि कपाटात तिचा लाल कोट, लेबलसकट, असे दोघे उरलो. ताईंचाही तसाच कोट होता, निळा. दोघींनी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले.

हिवाळा जवळ आला तसा सहलवाल्याचा फोन ताईंना आला. रिकाम्या जागेवर दुसरं कोणी येणार असेल तर महिनाअखेरपर्यंत नाव कळवा, नाहीतर जागा देऊन टाकतो. ताई दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या. ताई म्हणजे जन्मभर नर्सचं काम केलेली बाई. बोलायला लागल्या की इंजेक्शन दिल्यासारखं, आधी सांगायचं नाही आणि लगेच टोचायचं.

"भाऊजी, तिच्या जागेवर तुम्ही चला."

"मी?"

"मग काय भिंतीला विचारतेय? मुलगा मला एकटीला सोडायचा नाही. म्हणतो, सोबत कोणी असेल तर जा, नाहीतर राहू दे. गुडघे आत्ता आहेत तसे पुढच्या वर्षी असतील असं मला वाटत नाही. या हिवाळ्यात गेले तर गेले."

"ताई, तुमची कोणी मैत्रीण बघा."

"माझ्या मैत्रिणी पायरी चढताना दोनदा बसतात. तिचा कोट तुम्हाला बसेल. बाह्या जरा आखूड होतील, हात खिशात ठेवायचे."

मी हसलो नाही. तिच्या जागेवर बसून तिने बघायचं ते मी बघायचं, हे मला सहन होईना. पण ताईंना असलं काही सांगता येत नाही, आणि मला असलं काही बोलता येत नाही. म्हणून मी थंडीचं निमित्त पुढे केलं. म्हणालो, ताई, तुम्हाला थंडी म्हणजे काय ते माहीत नाही. कोट घातला म्हणजे झालं असं नसतं. फोटोत छान दिसते ती.

"तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तर बोलावतेय."

"मग असं करा. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चला. निळा कोट घाला, मोजे, टोपी, जे काय घेतलंय ते सगळं चढवा. आत थोडा वेळ उभ्या राहा. बाहेर आल्यावरही जाते म्हणालात, तर मग मी विचार करतो."

खरं सांगायचं तर विचार करायचा नव्हता. त्या आत गेल्या की स्वतःहूनच "राहू दे हो भाऊजी" म्हणतील आणि माझी सुटका होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

ताईंनी लगेच हो म्हटलं. मी तिथल्या फोरमनला फोन केला. हा माझ्या हाताखाली तयार झालेला. थंडीचा जाड सूट घालून डुलत डुलत चालायचा म्हणून सगळे त्याला पेंग्विन म्हणतात. आता तो फोरमन आहे, पण नाव सुटलं नाही. एका शब्दावर तो म्हणाला, "काका, कधीही या. विचारायचं काय त्यात?"

गेलो त्या दिवशी बाहेर कडक ऊन होतं. ताई टॅक्सीतून उतरल्या त्याच निळ्या कोटात, टोपी कानांवर ओढून, घामाने डबडबलेल्या. गेटवरचा पहारेकरी बघतच राहिला.

पेंग्विनने विचारलं, "मावशी, तुम्हाला मटारच्या रांगेत ठेवू की मासळीच्या?"

"आइस्क्रीमच्या ठेव बाळा. मुदत संपायच्या आत कोणी चौकशी तरी करेल."

मी माझं जुनं जाकीट चढवलं. ते अजून खुंटीवरच होतं. दार सरकवून, प्लॅस्टिकचे पट्टे बाजूला करून आम्ही आत गेलो. छतापर्यंत पेट्या, वर पंख्यांचा आवाज, पायाखाली करकर. मला त्यात काही वाटेना. ताई मात्र थबकल्या. नाकावर हात नेला.

"आत काहीतरी चिकटल्यासारखं होतंय."

"नाकातले केस गोठतात. घाबरू नका, बाहेर गेलं की सुटतात."

"आणि डोळे?"

"पापण्यांची उघडझाप करत राहायची. चष्मा काढू नका. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, कातडी धरून ठेवतं. सुरुवातीला थंडी वाजते ती बरी. वाजायची थांबली की समजायचं, बाहेर पडायची वेळ झाली. इथे पेनसुद्धा चालत नाही, आम्ही पेन्सिल वापरायचो."

मी बोलत गेलो. कोणी विचारलं की माहीत असलेलं सांगण्यात माणसाला बरं वाटतं. आवाज इथे कसा जवळ ऐकू येतो, हाताखालच्या पोरांना जेवणानंतर लगेच आत का धाडायचं नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर पायाची बोटं आधी दुखतात आणि मग गरम होतात, ते सगळं. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"हे तिला का नाही सांगितलंत कधी?"

"कोणाला?"

"कोणाला काय! दिवे-बिवे मला बघायचे होते, भाऊजी. तिला नव्हते. ती म्हणायची, हे इतकी वर्षं जिथे जातात ना ताई, तसल्या थंडीत मला एकदा उभं राहायचंय. यांना विचारलं की म्हणतात, थंड असतं. बस्स. पुढे काही नाहीच."

"मग इथेच आलो असतो की."

"तिने विचारलं होतं तुम्हाला. बाहेरच्या माणसाला आत न्यायचं नियमात बसत नाही म्हणालात."

म्हणालो होतो. बसतही नव्हतं. आजही बसत नसणार. पेंग्विनला एक फोन केला आणि दार उघडलं.

मी पेट्यांकडे बघत राहिलो. ही इथे उभी असती तर पहिल्या मिनिटाला काय म्हणाली असती, ते मला ऐकूच येत होतं. मटार मोजायला लागली असती बहुतेक. आणि तेव्हाच माझं ठरलं. जायचं. लाल कोट घालायचा, हात खिशात ठेवायचे, आणि त्या गावात, जिथलं हवामान ती मला रोज सांगायची, तिथे जाऊन उभं राहायचं. ताईंना सोबत होईल. माझं मन एकदम हलकं झालं. ताईंना जाड मोज्यांच्या आत पातळ मोजे लागतील, हातमोज्यांत बोटं एकत्र राहतील असे घ्यायला हवेत, असा विचारही सुरू झाला.

"ताई, निघू या आता," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर त्यांचा चष्मा पांढरा झाला. त्यांनी हातमोजे ओढून काढले आणि हात डोळ्यांजवळ नेले. चार बोटं पेरापासून टोकापर्यंत मेणासारखी झाली होती. त्यांनी एका बोटाचं नख दाबलं, सोडलं. मग दुसऱ्याचं. रंग परत येईना. मी "चोळा, चोळा" म्हणायला लागलो, तशा त्या म्हणाल्या, "चोळायचं नसतं." आणि दोन्ही हात कोटाच्या आत काखेत धरून बाकावर बसल्या.

गेटबाहेरच्या चहाच्या दुकानात आम्ही बसलो. पेला दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "नाही भाऊजी. जमायचं नाही मला."

"असं कसं? पहिल्यांदा सगळ्यांचं होतं. तुमचे हातमोजेच चुकीचे आहेत. आतून पातळ घालायचे, वरून—"

"मी नर्स आहे. दुसऱ्या कोणाची बोटं अशी झाली असती तर मी काय सांगितलं असतं ते मला कळतं."

"गरम पिशव्या मिळतात, खिशात ठेवायच्या. तिथे गाडीतून नेतात, सारखं बाहेर थोडंच राहायचंय? मी येतो ना सोबत. मी बघतो सगळं."

ताई माझ्याकडे बघून हसल्या. "आता माझं मन राखायला कशाला बोलताय? तुम्हाला यायचं नव्हतं, मला काय दिसत नव्हतं? झालं तुमच्या मनासारखं. मी रागावले नाही."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पर्समधून फोन काढला. बोटं नीट चालत नव्हती, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग पलीकडून मुलाचा आवाज आला.

"अरे, मी नाही जात. सहलवाल्याला तेवढं कळवून टाक... नाही, कोणी नाही म्हटलं नाही. काका तयार होते. हो, केव्हाच तयार झाले. माझीच बोटं साथ देत नाहीत... त्यांना कशाला बोलतोस? एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत ते." बोलता बोलता त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बस म्हणून खुणावलं. मग फोन माझ्यापुढे केला. "बोलायचंय म्हणतोय तुमच्याशी."

"काका, सॉरी हं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तुम्ही टाळताय. मी आईपाशी काहीबाही बोललो. तुम्ही तयार होतात हे माहीतच नव्हतं मला."

"असू दे."

"तुम्हीच समजावून बघा ना तिला. तुमचं ऐकेल."

"बघतो," मी म्हणालो आणि फोन परत दिला.

ताईंनी तो पर्समध्ये टाकला. "या वयात माझ्याकडून खोटं वदवून घेतलंत."

"खोटं नव्हतं ते, ताई. आत उभा होतो तेव्हाच माझं ठरलं होतं. येणार होतो मी."

त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या हातावर हात ठेवला. अजून गारच होता.

"बरं," त्या म्हणाल्या, आजाऱ्याने काही हट्ट धरला की नर्स म्हणते तसं. मग उठून टॅक्सी बघायला गेल्या.